कान शाबूत, तरी डावीकडचं हरवतं

पक्षाघातातून उठलेला माणूस एकट्यादुकट्याशी नीट बोलतो, चारचौघांत बसला की गोंधळतो. कर्नाटकातल्या कडगंचीसारख्या गावात घरचे म्हणतात, कान गेला. कलबुर्गीला नाहीतर सोलापूरला नेऊन मशीन बसवू. श्रवणतपासणी व्यवस्थित आली की ‘सोंग करतोय’ असा शिक्का बसतो. दोन्ही निष्कर्ष चुकीचे असू शकतात; कधी घाव असतो तो मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या तंतूंवर.

गैरसमज : मेंदूच्या दोन भागांतला दुवा तुटला की एक कान बहिरा होतो.
प्रत्येक कानाचा संदेश मेंदूच्या दोन्ही अर्धगोलांत पोचतो. विरुद्ध बाजूला जाणारी वाट जास्त जोरकस, एवढंच. त्यामुळे अर्धगोलांना जोडणारा, सुमारे २० कोटी तंतूंचा कॉर्पस कॅलोसम कापला तरी ऐकू येतंच. अडचण येते ती दोन्ही कानांत एकाच क्षणी वेगवेगळे शब्द पडले की. तेव्हा जोरकस वाटा कमकुवत वाटांना दाबतात. डाव्या कानातला शब्द उजव्या अर्धगोलात जातो, पण बहुतेकांची भाषा असते डावीकडे. पलीकडे जायचा रस्ताच बंद.

मिल्नर, टेलर आणि स्पेरी या संशोधकांनी १९६८ मध्ये अशा शस्त्रक्रिया झालेल्यांना जोडीजोडीने आकडे ऐकवले. उजव्या कानातले त्यांनी सांगितले, डावीकडचे जवळजवळ नाहीतच. तेच आकडे एकट्या डाव्या कानात दिले, तर मात्र बरोबर! १९८० मधला संशोधक म्युझिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा प्रयोग मला याहून बोलका वाटतो. स्वरांचा चढउतार ही माणसं गुणगुणून दाखवत, पण ‘उंच, खाली, उंच’ असं शब्दांत सांगताना अडत.

गैरसमज : डावीकडचं हरवलं म्हणजे इजा उजव्या मेंदूतच.
तसं नाही. डाव्या अर्धगोलात खोलवर, पलीकडून येणाऱ्या तंतूंवरच घाव बसला तरी डावाच कान मागे पडतो.

गैरसमज : मशीनने भागेल.
मशीन आवाज वाढवतं, तुटलेले तंतू जोडत नाही. टीव्ही बंद करणं आणि एकेकाने बोलणं जास्त उपयोगी. श्रवणतज्ज्ञाकडे गेलात तर दोन्ही कानांत एकदम वेगवेगळे शब्द किंवा आकडे ऐकवणारी चाचणी करता येईल का, हे विचारा. आणि आपला माणूस पैसे कोणत्या भाषेत मोजतो, हे आधीच सांगा. घरात मराठी, बाजारात कन्नड बोलणाऱ्याला ‘सात’ ऐकवायचं की ‘एळु’, हे त्यावरून ठरवता येईल.