जुन्या इंग्रजी दुनळी बंदुकीचे मोल कशावर ठरते?

जुनी इंग्रजी दुनळी बंदूक लिलावात विक्रीस आली की प्रथम नजरेत भरते ते पोलादावरील नाजूक नक्षीकाम आणि अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता. जाणकार संग्राहक मात्र नळ्या अलग करून त्यांच्या तळाशी असलेले शिक्के आधी पाहतो.

शेजारी-शेजारी दोन नळ्या असलेली ही छर्ऱ्याची बंदूक मुख्यतः उडत्या पक्ष्यांच्या शिकारीसाठी विकसित झाली. १८१४ मध्ये स्थापन झालेली पर्डी आणि १८३५ मधील हॉलंड अँड हॉलंड ही लंडनची नावे त्यात अग्रगण्य होत. ग्राहकाच्या हाताची लांबी व खांद्याची ठेवण पाहून दस्ता बेतला जाई. फ्रेडरिक बीसली या कारागिराने १८८० मध्ये पेटंट घेतलेली रचना पर्डीने स्वीकारली. तीत चाप ओढल्यावर आघात करणारी कमानच उरलेल्या जोराने बंदूक उघडण्यासही मदत करते. त्यामुळे ती मिटताना अधिक बळ लावावे लागते.

ब्रिटनमध्ये प्रत्येक नळीची अधिकृत दाबचाचणी बंधनकारक आहे. नेहमीपेक्षा अधिक दाबाचे काडतूस उडवून नळी टिकली, तरच तिच्यावर शिक्का उमटतो. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजसनद मिळाली, तर बर्मिंगहॅमचे चाचणीगृह १८१३ मध्ये स्थापन झाले. आतील गंजाचे खड्डे वारंवार घासून काढल्यास नळीचा व्यास वाढतो. तो ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की जुना शिक्का निरर्थक होतो आणि अशी बंदूक विकणे ब्रिटनमध्ये गुन्हा ठरते. बाहेरून मात्र तीच बंदूक आरशासारखी चकाकत असते! नक्षी पुन्हा उजळता येते, दस्ताही नवा बसविता येतो. झिजलेल्या नळीला पूर्वीची जाडी परत मिळत नाही.

काही वेळा मूळ नळ्या मागील भागापाशी कापून पुढे नव्या नळ्या जोडलेल्या असतात. अशी बंदूक सुरक्षित असू शकते, परंतु संग्राहकांच्या दृष्टीने तिचे मोल बरेच घसरते. अनुक्रमांकावरून निर्मात्याच्या नोंदवहीत मूळ लांबी व पहिला ग्राहक शोधता येतो, म्हणून ही नोंद महत्त्वाची. काडतुसाची लांबीही तपासावी लागते. अनेक जुन्या बारा बोअर बंदुका ६५ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनलेल्या आहेत. आज सर्रास मिळणारे ७० मिलिमीटरचे काडतूस त्यांत घातल्यास दाब धोकादायक पातळीपर्यंत वाढू शकतो.

भारतातील संस्थानिकांनीही इंग्रज कारागिरांकडून बंदुका घडवून घेतल्या होत्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांचा शिकारीतील उपयोग संपुष्टात आला आणि वारशाचा प्रश्न तेवढा उरला. २०१९ च्या दुरुस्तीने शस्त्र अधिनियमातील मर्यादा सर्वसाधारण परवानाधारकासाठी तीनवरून दोनवर आणली असून वारसाहक्काने मिळणाऱ्या बंदुकांनाही ती लागू आहे. अशा बंदुका बहुधा एक व दोन असे आकडे कोरलेल्या जोडीने बनत आणि जोडी फुटली की मोल कमी होते. आधीच एक परवान्याची बंदूक बाळगणाऱ्या वारसाला त्यामुळे ती तरी सोडावी लागते, नाहीतर आजोबांची जोडी तरी मोडावी लागते.