समुपदेशक सल्ला देत नाही, मग करतो काय?

समुपदेशकाकडे जायचं म्हणजे कुणीतरी मोठं माणूस चार समजुतीच्या गोष्टी सांगणार, हा आपल्याकडचा सर्वांत रुजलेला गैरसमज. असे सल्ले तर काका, शेजारी, ऑफिसातले सहकारी फुकट देतच असतात. ‘घटस्फोट घे’ किंवा ‘घेऊ नकोस’ हे प्रशिक्षित समुपदेशक सांगत नाही. कारण निर्णय त्यानं दिला, तर पुढच्या अडचणीलाही माणूस त्याच्याच दारात उभा राहणार.

मग तो करतो काय? समजा, साहेब चारचौघांत ओरडले म्हणून एक जण आठवडाभर झोपलेला नाही. समुपदेशक विचारतो, “साहेब ओरडले आणि तुम्ही खचलात, या दोन्हींच्या मधे तुमच्या मनात काय आलं?” बराच वेळ उत्तर येत नाही. मग येतं, “माझी काही किंमतच उरली नाही.” काम इथून सुरू होतं. एका चुकीवरून अख्ख्या माणसाची किंमत ठरते का? सगळ्यांनी कायम मानच दिला पाहिजे, हा हट्ट कुठून आला? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास मांडलेली विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती याच धाग्यानं जाते. घटनेपेक्षा घटनेबद्दलचा आपला विचार जास्त छळतो, असं ती सांगते. प्रा. कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी वर्षानुवर्षं पत्रव्यवहार करून ती महाराष्ट्रात रुजवली. सगळेच समुपदेशक याच वाटेनं जातात असं नाही. मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स यांना मानणारे प्रश्नांपेक्षा ऐकून घेण्यावर भर देतात. समोरच्याला न जोखता, तो आहे तसा स्वीकारणं हाच त्यांच्या उपचाराचा पाया.

‘नुसतं बोलून काय होणार, गोळ्या लिहून देतील ना?’ समुपदेशक गोळ्या लिहून देऊ शकत नाही. तो अधिकार डॉक्टरचा, म्हणजे वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या मानसोपचारतज्ज्ञाचा. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची (क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची) नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. दोन-चार दिवसांचं शिबिर करून ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारेही आहेत, हे मात्र खरं आहे आणि काळजीचंही. म्हणून शिक्षण कुठे झालं, कुणाच्या देखरेखीखाली काम शिकलात, कोणती पद्धत वापरता, हे पहिल्याच भेटीत विचारावं. यात उद्धटपणा नाही. चांगला समुपदेशक ते आनंदानं सांगतो आणि प्रश्न आपल्या आवाक्याबाहेरचा वाटला, तर डॉक्टरकडे पाठवतो.

‘ज्यानं भोगलंय त्यालाच कळतं’ हे अर्धंच खरं. १९८६ पासून चालणाऱ्या पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेले अनेक जण समुपदेशन करतात. उपचाराला नव्यानं आलेल्याची सबब त्यांना चटकन ओळखू येते. पण स्वतःच्या अनुभवाला प्रशिक्षणाची जोड हवीच. नाहीतर ‘मला जे जमलं ते तुलाही जमलं पाहिजे’ असा आग्रह सुरू होतो.

राहिली भीती बोभाट्याची. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. जिवाला धोका असेल किंवा न्यायालयानं मागणी केली, तर त्याला अपवाद होतात, आणि हे अपवाद समुपदेशकानं सुरुवातीलाच सांगायला हवेत. त्यानं सांगितलं नाही, तर आपण विचारावं.

एका भेटीत सगळं सुटेल ही अपेक्षाही सोडावी. दोन भेटींच्या मधल्या आठवड्यात माणूस घरी काय करून पाहतो, यावर बरंच अवलंबून असतं. काही भेटींनंतरही सूर जुळला नाही, तर समुपदेशक बदलावा. तो अधिकार तुमचा आहे.

आणि फी परवडत नसेल किंवा गावात कुणीच नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक जवळ ठेवा. दिवसरात्र, विनामूल्य आणि मराठीतही तिथे बोलता येतं.