बर्फावरची राखणदार काठी

थंडीने सरोवराचा पृष्ठभाग गोठला तरी त्याच्या तळाशी जीवन चालू राहते, आणि उत्तर अमेरिकेतील हिवाळी मासेमारीचा सारा व्यवहार निसर्गाच्या या एका सोयीवर उभा आहे. पाण्याची घनता सुमारे ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जास्त असते. त्याहून थंड झालेले पाणी हलके होऊन वरच राहते, तेथेच गोठते आणि त्याचा बर्फ झाकणासारखा तरंगत राहतो, तर खाली ४ अंशांच्या आसपासचे पाणी शिल्लक राहते आणि मासे त्यात हिवाळा काढतात. मासा हा थंड रक्ताचा प्राणी असल्यामुळे अशा पाण्यात त्याची पचनक्रिया मंदावते, हालचाल कमी होते आणि भूकही बेताची होते. उन्हाळ्यात आमिषावर झडप घालणारा मासा जानेवारीत ते नुसते ओठांत धरून काही क्षण थांबतो आणि संशय आला तर सोडून देतो. ही नाजूक चाहूल बर्फावर बसलेल्या माणसापर्यंत कशी पोहोचवायची, हा प्रश्न मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन या राज्यांत आणि त्यांच्या उत्तरेकडील कॅनडात पिढ्यान्‌पिढ्या सोडवला जात आहे. ‘टिप-अप’ नावाचे साधे यंत्र आणि त्यातूनच पुढे निघालेला, गळाची काठी धरून ठेवणारा त्याचा प्रकार ही त्याची उत्तरे आहेत.

टिप-अप या शब्दाचा अर्थ ‘टोक वर उचलले जाणे’ असा आहे आणि यंत्राचा सर्वांत जुना नमुना त्या नावातच दिसतो. बर्फातल्या छिद्रावर एक आडवी काडी ठेवायची, तिच्यावर दुसरी काडी तराजूच्या दांडीसारखी तोलायची आणि एका टोकाला गळाची दोरी बांधायची. माशाने ओढ दिली की ते टोक खाली जाते, दुसरे वर उठते आणि दुरून पाहणाऱ्याला खूण मिळते. हेन्री डेव्हिड थोरो यांनी ‘वॉल्डन’ या १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मॅसॅच्युसेट्समधील गोठलेल्या तळ्यावर पाहिलेली याहूनही साधी रचना नोंदवली आहे. तेथील कोळ्याने दोरीचे टोक एका काठीला पक्के बांधले होते, सैल दोरी आल्डरच्या डहाळीवरून सोडली होती आणि तिला ओकचे वाळलेले पान बांधले होते. पान खाली ओढले गेले की मासा लागला, असे समजायचे. दुर्गाबाई भागवतांनी या ग्रंथाचा अनुवाद ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने मराठीत आणला. गोठलेल्या तळ्याच्या याच प्रकरणात, तेथून कापून नेलेला बर्फ जहाजांनी दूर देशी जातो हे सांगताना थोरो मद्रास आणि कलकत्त्याबरोबर मुंबईचेही नाव घेतात, आणि एकोणिसाव्या शतकात न्यू इंग्लंडमधील तळ्यांचा बर्फ खरोखरच मुंबईच्या बंदरात उतरत असे. त्यामुळे ज्या बर्फात छिद्र पाडून हे गळ सोडले जात, तो बर्फ तरी मुंबईकरांना अगदीच परका नव्हता.

विसाव्या शतकात रूढ झालेल्या टिप-अपमध्ये लाकडाच्या किंवा प्लास्टिकच्या दोन पट्ट्या फुलीच्या आकारात उघडून छिद्रावर ठेवलेल्या असतात आणि मधून एक उभा दांडा पाण्यात उतरतो. दांड्याच्या खालच्या टोकाला दोरी गुंडाळलेली फिरकी असते, तर वरच्या टोकाशी पोलादी पट्टीच्या स्प्रिंगवरचे नारिंगी निशाण वाकवून एका खिट्टीत अडकवलेले असते. मासा दोरी ओढू लागला की फिरकी फिरते, तिच्याबरोबर दांड्यातला बारीक गज फिरतो, खिट्टी सुटते आणि निशाण ताठ उभे राहते. या रचनेतली खरी हुशारी फिरकी पाण्याखाली ठेवण्यात आहे. उणे २० अंशांच्या हवेत उघडी राहिलेली ओली फिरकी काही मिनिटांत गोठून दगड होते. पाण्याखाली मात्र तापमान शून्याच्या खाली जात नाही, म्हणून ती दिवसभर मोकळी फिरत राहते. ज्या कोणाला हे प्रथम सुचले, त्याने हिवाळ्याला हिवाळ्याच्याच पाण्याने उत्तर दिले असे म्हणावे लागेल.

या यंत्राचे काम मात्र निशाण उभे राहिले की संपते. त्यानंतर मच्छीमाराने धावत जायचे, गुडघे टेकायचे, हातमोजे काढून ओली दोरी बोटांत धरायची आणि हातावर हात टाकत मासा वर ओढायचा. मोठ्या माशाने मधेच पुन्हा मुसंडी मारली तर दोरी बोटांतून किती सुटू द्यायची आणि केव्हा आवळायची हे सारे उघड्या, बधिर बोटांनी ठरवावे लागते. यासाठी लागणारी दोरीही जाड, विणीची असते, कारण बारीक तंगूस थंडीत बोटांना कापते आणि वाऱ्यात भुरभुरून गुंतते. पण जाड दोरी सावध माशाला संशय आणते. म्हणजे खबर देण्यात हे यंत्र निष्णात असले तरी मासा खेळवण्याच्या कलेत ते काहीही मदत करत नाही. काठी धरणारे टिप-अप नेमकी ही उणीव भरून काढते.

त्याच्या प्रसाराला कायद्याचाही हातभार लागला, असे मानायला जागा आहे. मिनेसोटात उघड्या पाण्यावर एका माणसाला साधारणपणे एकच गळ टाकता येतो, पण बर्फातून दोन टाकता येतात. विस्कॉन्सिन आणि मिशिगनमध्ये तीन. साहजिकच बर्फावर बसलेला माणूस एक छोटी काठी हातात घेऊन गळ उचल-सोड करत माशांना भुलवतो आणि दुसरा गळ काही पावलांवरच्या छिद्रात स्थिर सोडून देतो. हा दुसरा गळ राखणदाराशिवाय उपयोगाचा नाही, आणि मिनेसोटाचा नियमही टिप-अपपासून २०० फुटांच्या आत राहण्याचे बंधन घालतो. बर्फावरची काठी मुळातच लहान, दोन-तीन फुटांची असते, कारण माणूस छिद्राला लागूनच बसतो. अशी काठी रिळासकट एका चौकटीत बसवून तिच्याकडेच पहारा सोपवायचा, ही कल्पना त्यामुळे अगदी सहज पुढे आली.

अशा यंत्रांची तीन घराणी वेगळी ओळखता येतात. पहिल्यात निशाण कायम असते. रिळाची कमान उघडी ठेवून दोरा एका हलक्या खिट्टीखाली अडकवतात, माशाने ओढ दिली की खिट्टी सुटते, निशाण उठते आणि दोरा रिळावरून अडथळ्याविना निघत राहतो. तिसऱ्यात काठीचे टोक धनुष्यासारखे खाली वाकवून चापात अडकवतात. मासा आमिष ओढताच चाप सुटतो, काठी सरळ होते आणि माणूस येण्यापूर्वीच गळ माशाच्या तोंडात रुततो. ‘जॉ-जॅकर’ हे या घराण्यातले सर्वपरिचित नाव. या दोहोंच्या मध्ये बसणारे दुसरे घराणे तोलाच्या काठीचे आहे, आणि सर्वांत जुन्या टिप-अपशी रक्ताचे नाते सांगणारेही तेच आहे, म्हणून ते जरा जवळून पाहिले पाहिजे.

या प्रकारात दोन पायांवर उभ्या असलेल्या छोट्या चौकटीत एक आडवी खीळ असते आणि काठीची मूठ धरणारी खोबण त्या खिळीवर झुलते. मुठीच्या बाजूला रिळाचे वजन असल्यामुळे काठी मागे झुकू पाहते. पुढच्या बाजूला दोरा, शिसे आणि जिवंत छोट्या माशाचे आमिष तिला खाली ओढत असते. मच्छीमार खोबणीतली मूठ पाव इंच पुढे, पाव इंच मागे सरकवत राहतो, तोवर काठी जवळजवळ आडवी होते आणि टोक किंचित वर राहून थरथरू लागते. सराफाच्या तराजूइतकीच ही जुळवणी नाजूक असते, आणि ती नीट साधली तर आमिषाच्या माशाने घाबरून घेतलेली गिरकीसुद्धा काठीच्या टोकावर वाचता येते, कारण मोठा मासा जवळ आला की आमिष बावरते आणि काठी प्रत्यक्ष ओढीच्या आधीच डुलू लागते. मग टोक एकदा लवते, थांबते, आणि नंतर हळूच, न अडखळता, छिद्राकडे झुकत जाते. काठी तोललेली असल्याने माशाला वजन असे जाणवतच नाही. तो आमिष घेऊन फूटभर खाली गेला तरी काठी त्याच्याबरोबर जाते. एवढ्या अवधीत माणसाने येऊन काठी अलगद उचलायची, दोऱ्याचा सैलपणा रिळात घ्यायचा, पलीकडचे जिवंत वजन हाताला लागले की मनगटाने हिसका द्यायचा, आणि पुढचे काम रिळाच्या ब्रेकवर सोपवायचे. माशाने जोर केला की हा ब्रेक दोरा तुटण्याआधी सोडतो. उघड्या बोटांना जे जमत नव्हते ते येथे एका स्क्रूच्या फेऱ्यात जमते. शेवटचा क्षण मात्र अजूनही हातांचाच राहतो: मासा छिद्राखाली वळसे घेतो, दोरा बर्फाच्या धारेवर घासू लागतो, आणि माशाचे डोके नेमके आठ इंचांच्या गोलात आणणे कोणत्याही यंत्राला साधलेले नाही.

मासा केव्हा हिसकावा या प्रश्नावर या प्रदेशात फार जुने मतभेद आहेत, आणि त्यांचा संबंध माशाच्या जिवाशी असल्याने ते गंभीरपणे घेतले पाहिजेत. नॉर्दर्न पाईक हा लांबट, सुळ्यांसारख्या दातांचा शिकारी मासा आमिषाला मधोमध आडवे पकडतो, ते घेऊन धावतो, मग थांबून त्याला डोक्याकडून वळवतो आणि गिळतो. जुने लोक सांगत की पहिल्या धावेला हात लावू नये, दुसऱ्या धावेपर्यंत थांबावे. त्या सल्ल्याने मासा हमखास हाती येई, पण गळ त्याच्या घशात किंवा त्याहून खोल गेलेला असे, आणि असा मासा परत पाण्यात सोडला तरी वाचण्याची शक्यता फार कमी उरते. आता आमिषाच्या पाठीत दोन छोटे तिहेरी गळ मागेपुढे टोचले जातात, जेणेकरून मासा आमिष कसाही धरो, लगेच हिसका देता यावा आणि गळ जबड्यातच राहावा. काठी धरणाऱ्या टिप-अपचे खरे मोल येथे आहे: काठी तयारच असल्यामुळे यंत्राजवळ पोहोचणे आणि हिसका देणे यांत वेळ जात नाही. चाप सुटून आपोआप हिसका देणाऱ्या यंत्राची बाजूही याच मुद्द्यावर भक्कम आहे. शिवाय ज्यांचे हात थकले आहेत किंवा ज्यांना बर्फावर धावता येत नाही, त्यांच्यासाठी ते वरदान ठरते. तरीही तोलाची काठीच श्रेष्ठ मानली पाहिजे, कारण पहारा आणि निर्णय यांची वाटणी ती योग्य ठिकाणी करते: चाहूल लाकूड-लोखंड घेते, आणि समोर कोणता मासा आहे, तो किती वेळ देईल, हे माणूस ठरवतो.

या काठीने जे मिळवले त्याची किंमतही मोजावी लागली. रीळ आणि दोरा पुन्हा उघड्या हवेत आले, आणि पाण्याखालच्या फिरकीने सोडवलेला प्रश्न परत उभा राहिला. काठीवरच्या कड्यांमध्ये थेंब गोठतात, रिळातले वंगण घट्ट होते, छिद्रावर नवा बर्फ धरतो आणि दोरा त्यात अडकला की तोललेली काठी निर्जीव होऊन बसते. वाऱ्याचा एक झोत उलट खोटी खबर देतो. यावर उपाय साधेच आहेत. रीळ कोरडे आणि जवळजवळ वंगणाशिवाय ठेवतात, कड्यांतला बर्फ बोटांच्या चिमटीत वितळवतात, झाऱ्यासारख्या चमच्याने छिद्र वारंवार साफ करतात, दोऱ्यापुरती खाच असलेले फोमचे झाकण छिद्रावर घालतात, किंवा काठी सरळ तंबूच्या आत मांडतात. वॉलाय हा मिनेसोटाचा राज्यमासा मंद उजेडात चांगले पाहू शकतो आणि म्हणून सांजवेळी व पहाटे अधिक लागतो. नेमक्या त्याच वेळी थंडीही कडक असते, त्यामुळे ही सारी निगराणी अंधारात, दिव्याच्या उजेडात करावी लागते.

मिशिगनमधील हॉटन सरोवराच्या काठी १९५१ पासून भरणाऱ्या हिवाळी जत्रेचे नावच ‘टिप-अप टाऊन’ आहे. एखाद्या गावजत्रेने मासेमारीच्या एका अवजाराचे नाव धारण करावे यातच त्याचे लोकजीवनातले स्थान स्पष्ट होते. या जीवनाचा आधार असलेला बर्फ मात्र आता पूर्वीइतका भरवशाचा राहिलेला नाही. पायी चालण्यासाठी किमान ४ इंच जाडीचा नवा, पारदर्शक बर्फ हवा, असा मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन विभागाचा दंडक आहे, आणि पांढरट, हिममिश्रित बर्फ असेल तर जाडी दुप्पट धरावी लागते. विस्कॉन्सिनमधील मॅडिसन शहराच्या मेंडोटा सरोवरावर बर्फ केव्हा धरला आणि केव्हा सुटला याच्या नोंदी १८५० च्या दशकापासून ठेवल्या गेल्या आहेत. त्यांनुसार सरोवर गोठलेले राहण्याचा काळ तेव्हापासून सुमारे एका महिन्याने घटला आहे. २०२३-२४ च्या हिवाळ्यात तर या साऱ्या पट्ट्यात बर्फ इतका उशिरा आणि इतका पातळ धरला की अनेक सरोवरांवरच्या स्पर्धा रद्द कराव्या लागल्या, आणि तोलाच्या काठ्या त्या मोसमात बहुतेक दिवस घरातच राहिल्या.