फमाराच्या किनाऱ्यावर, ज्येष्ठांसह

युरोपात स्थायिक झालेली मुले आईवडिलांना सुटीसाठी बोलावतात आणि एखाद्या समुद्रकिनारी घर घेतात. किनारा संथ असेल तर प्रश्न उद्भवत नाही. लाटांवर स्वार होण्यासाठी प्रसिद्ध असलेला उघडा किनारा असेल, तर मात्र ‘आईला न्यावे की घरीच ठेवावे?’ अशी विचारणा होते. माझे उत्तर ‘न्यावे’ असेच असते. अशा किनाऱ्याची रीत मात्र आधी समजून घ्यावी लागते.

कॅनरी द्वीपसमूहातील लांझारोते हे स्पेनच्या अखत्यारीतील ज्वालामुखीजन्य बेट आफ्रिकेपासून सुमारे 125 किलोमीटरवर आहे. त्याच्या वायव्य अंगाला फमाराची कित्येक किलोमीटर लांबीची पुळण पसरली आहे. मागे सुमारे 670 मीटरपर्यंत चढत गेलेला कडा, समोर ला ग्रासिओसा हे चिमुकले बेट, आणि टोकाशी ला कालेता हे पांढऱ्या, बैठ्या घरांचे मच्छीमारांचे गाव. बेटावरील बांधकाम बुटके आणि पांढरेच राहावे म्हणून आयुष्यभर झटलेले चित्रकार सेसार मान्रिके (1919–1992) यांचे बालपणीचे उन्हाळे येथेच गेले. गावातील गल्ल्यांत आजही वाळू आहे. दृश्य मोहक खरे. पण चाकाची खुर्ची त्या वाळूत रुतते, हे नेणाऱ्याने आधीच जाणावे.

आम्ही गेलो तेव्हा सोबत माझ्या सासूबाई होत्या. वय 78, गुडघे झिजलेले, रक्तदाबाची गोळी चालू. त्यांना कोरड्या वाळूत दहा पावलेही जड जात. ओहोटी लागली की तेथे ओल्या, घट्ट वाळूचा आरशासारखा रुंद पट्टा उघडा पडतो; त्यावर त्या काठी टेकीत अर्धा तास सुखाने चालल्या. म्हणून फिरण्याची वेळ घड्याळावरून नव्हे, भरती-ओहोटीच्या तक्त्यावरून ठरवावी.

पाण्याविषयी मी कठोर आहे. पोहण्याचा तर विचारच नको, पण घोट्याइतक्या पाण्यातही ज्येष्ठांनी उभे राहू नये. परतणारी लाट टाचांखालची वाळू ओढून नेते. मधुमेहाने तळपायांची संवेदना मंदावलेल्या व्यक्तीला ते कळतही नाही आणि तोल जातो. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. दुसरा धोका समुद्राकडे खेचणाऱ्या प्रवाहाचा. फुटणाऱ्या लाटांच्या मधोमध जो शांत, लाटाविरहित पट्टा दिसतो, तेथेच बहुधा हा प्रवाह असतो. अनुभवी सर्फर त्याचाच आधार घेऊन आत जातात. नवखा मनुष्य तेथे ‘पाणी निवांत आहे’ म्हणून उतरतो. आपल्यापैकी कोणी त्यात सापडल्यास त्याने प्रवाहाविरुद्ध किनाऱ्याकडे झुंजू नये. किनाऱ्याला समांतर पोहून बाजूला व्हावे आणि हात उंचावून मदत मागावी. त्याला सोडवण्यासाठी ज्येष्ठांनी पाण्यात धाव घेऊ नये. आपत्कालीन क्रमांक 112 आहे. मोठे रुग्णालय आर्रेसिफे या राजधानीत आहे, म्हणजे पायी जाण्याजोगे नव्हे. तेव्हा गाडी हाताशी असावी.

ईशान्येचा व्यापारी वारा येथे जवळजवळ सतत वाहतो, उन्हाळ्यात तर अधिकच. त्या गारव्याने ऊन जाणवत नाही आणि घाम अंगावरच सुकतो. वयोमानानुसार तहानेची जाणीवही मंदावलेली असते. त्यात लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर शरीरातील पाणी घटून खुर्चीतून उठताना भोवळ येऊ शकते. तहान नसतानाही घोट घोट पाणी देत राहावे (हृदय किंवा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर बंधन असेल, तर त्या मर्यादेतच), आणि उठण्यापूर्वी मिनिटभर पाय हलवायला सांगावे. कधी कधी सहारातून धुळीने भरलेला उष्ण वारा येतो. त्याला तेथे ‘कलिमा’ म्हणतात. त्या दिवशी दमेकऱ्यांनी खिडक्या लावून घरातच बसावे आणि श्वासाचा पंप जवळ ठेवावा.

प्रवासाबाबत थोडेच सांगतो. शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमा लागतोच; जुने आजार त्यात धरले आहेत का, ते पाहावे. हिवाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते, म्हणजे जातानाचा दिवस तेवढा लांबतो. इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाच्या मात्रा निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्याव्यात. इन्सुलिन हातातल्या पिशवीतच ठेवावे.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी विचारत नाही. सोबत करणाऱ्या मुलीची वा सुनेचीही ती सुटीच असते. फमाराला सर्फिंग शिकवणारे वर्ग आहेत. तिला दोन तास तेथे जाऊ द्यावे. तोवर दुसऱ्या कोणी आजींना घेऊन आडोशाच्या उपाहारगृहात बसावे, किंवा कड्याच्या उत्तर टोकाला मान्रिके यांनी रचलेल्या ‘मिरादोर देल रिओ’ या सज्जात काचेआडून समुद्र दाखवावा. वर्षभर औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या माणसाला ते दोन तास किती हवे असतात, हे मी दवाखान्यात रोज पाहतो.

जेवणात तेथे सुरकुतलेल्या सालीचे लहान बटाटे मिळतात. ते खूप मिठाच्या पाण्यात सालीसकट उकडतात, त्यामुळे सालीवर मिठाची पांढरी पूड धरते. रक्तदाब असणाऱ्यांनी साल काढून खावेत. सासूबाईंनी तसेच केले, आणि ‘मीठ काढलं की आपलाच उकडलेला बटाटा,’ असे म्हणत उरलेले माझ्या ताटात सरकवले.