दूरध्वनी, दूरचित्रवाणी आणि गिऱ्हाईक

नवे यंत्र निघाले की, ‘लोकांना हे हवे आहे काय?’ असे विचारले जाते. आम्हा कामगारांना त्यापुढचा प्रश्न सुचतो : ‘कोणत्या किमतीला?’

इंग्लंडात टपालखात्याने १९७९ साली ‘प्रेस्टेल’ सुरू केले. दूरचित्रवाणीचा संच टेलिफोनच्या तारेला जोडायचा आणि बटणे दाबून हवी ती माहिती पडद्यावर मागवायची. परंतु खास संच महाग. शिवाय टेलिफोनचा आकार निराळा, काही पानांचा दर निराळा. गिऱ्हाइके लाखावरही गेली नाहीत.

फ्रान्सच्या टेलिफोनखात्याने १९८२ पासून ‘मिनिटेल’ हे छोट्या पडद्याचे यंत्र टेलिफोनधारकांना छापील नंबरपुस्तकाऐवजी फुकट दिले. पैसे घेतले ते वापराचे. नंबर शोधण्याची गरज तर घरोघर होतीच! यंत्रे लाखांनी पसरली. १९८६ च्या आंदोलनात विद्यार्थ्यांनी आपले निरोपही त्यावरून धाडले. पुढे इंटरनेट आले आणि २०१२ साली ही सेवा बंद झाली.

तार दोन्हीकडे टेलिफोनचीच. फरक पडला तो उंबरठ्यावरच्या खर्चात आणि रोजच्या गरजेत. म्हणून ‘मागणी नाही’ असे कोणी सांगितले, तर ती मागणी पैशावाचून दारातच अडली नाही ना, हे आपण आधी पाहिले पाहिजे.