चेहरा लाल होतो तेव्हा

जपान, चीन, कोरिया, तैवान या भागांत अनेकांचा चेहरा दारूच्या पहिल्या दोन-चार घोटांतच लालबुंद होतो. छाती धडधडते, मळमळते. तिथे साधारण तिघांपैकी एकाला हा त्रास होतो. सोबतचे लोक ‘अजून सवय नाही’ म्हणून हसण्यावारी नेतात. पण कारण सवयीत नाही, आईवडिलांकडून आलेल्या जनुकात आहे.

दारू पोटात गेली की यकृत आधी तिचे ॲसिटाल्डिहाइड बनवते. हा जहाल पदार्थ पेशीतल्या डीएनएला इजा करतो. एएलडीएच-२ नावाचे विकर त्याचे झटपट निरुपद्रवी ॲसिटेट करून टाकते. ज्यांच्या जनुकात एक अक्षर बदललेले असते त्यांचे हे विकर लुळे पडते, विष साचते आणि चेहरा पेटतो. दारू सोडवण्यासाठी डॉक्टर डायसल्फिरामची गोळी देतात, तीही हेच विकर अडवते. म्हणजे या लोकांना ती गोळी जन्मतःच मिळाली म्हणायची!

बदललेले जनुक आई आणि वडील दोघांकडूनही आले असेल, तर माणूस सहसा पीतच नाही. एकाकडूनच आलेला मात्र आग्रहाला बळी पडून सरावतो. अशांत अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो. मोठ्या आतड्याचे गणित निराळे आहे. तिथला कर्करोग या जनुकवाल्यांत उलट कमी आढळल्याचे काही अभ्यास सांगतात, कारण ते एकूण पितातच कमी.

मग ज्यांचे विकर धडधाकट, ते सुटले का? नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू स्वतःच दारूचे ॲसिटाल्डिहाइड बनवतात, शिवाय दारू फोलेट या जीवनसत्त्वाचीही नासाडी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 1988 मध्ये दारूला कर्करोगकारक ठरवले आणि 2007 मध्ये त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाची भर घातली.

आपल्याकडे तो जनुकबदल फार विरळा. त्यामुळे पिणाऱ्याला शरीर लवकर टोकत नाही. आणि आपल्या मोहल्ल्यात टोकणारे दुसरेही कुणी उरत नाही, कारण ही गोष्ट घरात दडवलीच जाते. हराम आहे हे सगळ्यांना ठाऊक, म्हणून तर दवाखान्यातही ‘पिता का?’ या प्रश्नाला सासू, बायको, मुलगा सगळे ‘तौबा, नाही हो’ म्हणतात. शौचातून रक्त पडते, ते मूळव्याध समजून महिनोन्‌महिने चूर्ण चालते. अब्रू झाकण्याची ही रीत आम्हाला मुळीच पटत नाही. रक्त, बदललेली शौचाची सवय, विनाकारण घटलेले वजन यांपैकी काही दिसले तर डॉक्टरांकडे जावे, दुर्बिणीची तपासणी लागेल का ते विचारावे. रुग्णासमोर बोलणे जड जात असेल तर त्याला बाहेर बसवून घरच्यांनी खरे ते डॉक्टरांच्या कानावर घालावे.