धरमतर खाडीतील तळप्रवाह व संक्षोभ

धरमतर खाडीतील तळप्रवाह व संक्षोभ म्हणजे महाराष्ट्राच्या रायगड जिल्ह्यातील अंबा नदीच्या भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तळालगत होणारी पाण्याची अनियमित, भोवऱ्यांनी युक्त अशी हालचाल होय. सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी नागोठण्यावरून वाहत जाऊन धरमतर खाडीच्या रूपाने रेवसजवळ समुद्रास मिळते. खाडीत गाळ कोठे साचतो आणि काठ कोठे खचतो, हे मुख्यतः तळालगतच्या या हालचालीवर अवलंबून असते. पृष्ठभाग शांत दिसत असतानाही तळाशी गाळ वाहत असू शकतो.

सीमास्तर व संक्षोभ

तळाला टेकलेले पाणी घर्षणामुळे जवळजवळ स्थिर असते. तळापासून वर जावे तसा प्रवाहाचा वेग आरंभी झपाट्याने व पुढे मंदगतीने वाढतो. घर्षणाचा प्रभाव असलेल्या या थरास सीमास्तर म्हणतात. ही संकल्पना लुटविख प्रांटल यांनी १९०४ मध्ये मांडली. खोल समुद्रात हा थर सामान्यतः काही मीटर ते काही दशक मीटर जाडीचा असतो; उथळ खाडीत मात्र तो तळापासून पृष्ठभागापर्यंत पोहोचू शकतो.

प्रवाह स्तरीय आहे की संक्षोभी, हे रेनल्ड्झ अंकावरून ठरते. ऑझ्बर्न रेनल्ड्झ यांचे यासंबंधीचे प्रयोग १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. वेग व खोली यांच्या गुणाकारास पाण्याच्या श्यानतेने (गतिकीय) भागले असता हा अंक मिळतो. ५ मीटर खोल पाणी सेकंदाला १ मीटर वेगाने वाहत असल्यास तो सुमारे ५० लाख येतो. काही हजारांच्या पुढे प्रवाह संक्षोभी होत असल्याने वाहती खाडी बहुतेक काळ संक्षोभीच असते.

भरती-ओहोटी व गाळ

मुंबई बंदरात उधाणाच्या वेळी भरती व ओहोटीच्या पातळ्यांतील सरासरी अंतर सुमारे ३.७ मीटर, तर भांगाच्या वेळी सुमारे १.४ मीटर असते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते. प्रवाहाचा वेग दुप्पट झाल्यास तळावरील कर्तन प्रतिबल सुमारे चौपट होते. त्यामुळे उधाणात गाळ उचलला जाण्याचे प्रमाण वेगाच्या मानाने पुष्कळच अधिक वाढते. प्रवाहाची दिशा पालटताना पाणी काही वेळ थबकते, संक्षोभ मंदावतो आणि तरंगता गाळ तळाशी बसू लागतो. खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून त्यांच्या गुठळ्या होतात व त्या लवकर बसतात. पुढील भरतीपर्यंत हा थर घट्ट झाला नाही, तर तो पुन्हा उचलला जातो.

उथळ खाड्यांत आत शिरताना भरतीचा काळ सामान्यतः आखूड व प्रवाह तीव्र होतो. ओहोटी अधिक काळ चालते, पण संथ असते. अशा स्थितीत कोरड्या ऋतूत गाळ वरच्या अंगास सरकतो. पावसाळ्यात नदीचा पूर त्याला पुन्हा समुद्राकडे लोटतो व डोंगरउतारावरील नवी मातीही आणतो.

महत्त्व

नागोठणे हे पूर्वी भरतीवर अवलंबून असलेले बंदर होते. राष्ट्रीय जलमार्ग अधिनियम, २०१६ नुसार रेवसपासून नागोठण्यापर्यंतचा सुमारे ४५ किलोमीटरचा पट्टा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १० ठरला आहे. डोलवी येथील पोलाद कारखान्याचा कच्चा माल याच खाडीतून बार्जने येतो. तळाशी गाळ साचल्यास जलमार्गाची खोली कमी होते व तो उपसावा लागतो. उपसलेला भाग शांत व खोल असल्यास तेथे गाळ पुन्हा साचतो. म्हणून केवळ उपसा पुरेसा ठरत नाही, तर प्रवाहाचाही अभ्यास करावा लागतो.

पेण व अलिबाग तालुक्यांतील खारेपाटात भातशेतीचे रक्षण मातीच्या बांधांनी होते. बांधाच्या पायथ्याची माती प्रवाहाने व लाटांनी धुपल्यास उधाणात त्याला खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन पुढील काही हंगाम नापीक होऊ शकते. काठावरील कांदळवनाची मुळे व खोडे प्रवाहाचा वेग कमी करून गाळ धरून ठेवतात. त्यामुळे बांधास संरक्षण मिळते.

मापन

तळालगतचा वेग मोजण्यासाठी ध्वनितरंगांच्या डॉप्लर परिणामावर आधारित प्रवाहमापक वापरतात. पाण्यासोबत वाहणाऱ्या कणांवरून परतलेल्या ध्वनीच्या कंप्रतेतील बदलावरून निरनिराळ्या खोलीवरील वेग कळतो. वेगाबरोबर पाण्याची क्षारता व गढूळपणाही नोंदवतात. अशी मापने उधाण व भांग, तसेच पावसाळा व उन्हाळा, अशा सर्व स्थितींत घ्यावी लागतात. एका दिवसाच्या नोंदीवरून खाडीचे वर्षभराचे वर्तन ठरवता येत नाही.